संगणकाची बाराखडी

उतारवयांत नवी विद्या शिकूं पाहणारास त्या विद्येपेक्षां तिच्या परिभाषेचेंच भय अधिक वाटतें. संगणकाशीं प्रथम परिचय होतांना फाइल, सॉफ्टवेअर, बिट, बाइट असे शब्द एकामागून एक अंगावर येतात, आणि शिकविणारा तरुण तर ते जणूं आईच्या मांडीवरच शिकल्याप्रमाणें उच्चारीत असतो. परंतु कोणताहि शब्द आकाशांतून पडत नाहीं. या शब्दांचें कूळ पाहिलें म्हणजे हें भय पुष्कळसें ओसरतें; शिवाय आपल्या हिताची एक गोष्टहि ध्यानांत येते.

प्रथम ‘फाइल’ हा शब्द घेऊं. लॅटिन भाषेंत ‘फीलुम’ म्हणजे दोरा. कागद दोऱ्यांत ओवून ठेवण्याच्या युरोपांतील जुन्या चालीवरून हा शब्द निघाला. आपला ‘ग्रंथ’ शब्दहि बांधणें, गुंफणें या अर्थाच्या धातूपासूनच आलेला आहे. पुढें दोरा गेला आणि कचेरींतील पुठ्ठ्याचें वेष्टन आलें. मग भोकें पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यास तेंच नांव मिळालें. आज संगणकांत एका नांवाखालीं सांठविलेला मजकूर, चित्र किंवा गाणें म्हणजे फाइल.

इंग्रजींत ‘हार्डवेअर’ म्हणजे मूळचें लोखंडी सामान. यंत्राच्या हाताला लागणाऱ्या भागांस तें नांव पडलें, तेव्हां यंत्राला द्यावयाच्या आज्ञांस त्याच्या उलट ‘सॉफ्टवेअर’ हें नांव आलें. जॉन टुकी या अमेरिकन गणितज्ञानें १९५८ सालच्या एका लेखांत तो शब्द वापरला आहे. टुकीनेंच सुचविलेला ‘बिट’ हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सुप्रसिद्ध निबंधांत छापला गेला. बिट म्हणजे शून्य किंवा एक, इतकेंच. अशा बिटांच्या समूहास वर्नर बुखहोल्ट्स यांनीं १९५६ सालीं ‘बाइट’ म्हटलें. आतां आठ बिटांचा एक बाइट मानतात, व त्यांत ० पासून २५५ पर्यंतची कोणतीहि एक संख्या मावते.

तात्पर्य, कोणतीहि फाइल ही शेवटीं संख्यांची एक रांग आहे. मग तींत अक्षरें आहेत कीं चित्र, हें कशावरून ठरावें? केवळ संकेतावरून. १९६३ सालीं अमेरिकेंत ‘आस्की’ नांवाचा संकेत ठरला. त्यांत १२८ जागा असून रोमन लिपींतील मोठ्या ‘ए’ला आज ६५ हा आंकडा आहे. फाइलीच्या नांवापुढें टिंब देऊन लिहिलेलीं ‘टीएक्सटी’, ‘जेपीजी’, ‘पीडीएफ’ हीं अक्षरें त्या फाइलीचा प्रकार सांगतात. गॅरी किल्डॉल यांच्या १९७४ च्या ‘सीपी/एम’ प्रणालींत नांवाला आठ व प्रकाराला तीन अक्षरें असत. १९८१ च्या ‘डॉस’नें तीच रीत उचलली. त्रयक्षरी प्रत्ययांची चाल तेथून रूढ झाली. मात्र हा प्रत्यय म्हणजे बरणीवरची चिठ्ठी होय. तुपाच्या बरणीवर ‘मीठ’ असें लिहिल्यानें तुपाचें मीठ होत नाहीं. त्याचप्रमाणें नुसता प्रत्यय बदलल्यानें फाइलीचा प्रकार बदलत नाहीं. नवशिका येथें हटकून फसतो.

हा संकेताचा प्रश्न आपल्या भाषेच्या अगदीं जिव्हाळ्याचा आहे. १९९१ सालीं भारतीय लिपींसाठीं ‘इस्की’ हा मानक संकेत प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ति निघून देवनागरीस तींत १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला, त्यांत ‘क’चा आंकडा २३२५ आहे. परंतु त्या काळीं पुष्कळसें मराठी टंकलेखन निराळ्याच फॉन्टांत होत असे. त्यांत रोमन अक्षरांच्या आंकड्यांवर देवनागरीचीं रूपें बसविलेलीं असत. डोळ्यांस ‘क’ दिसे, पण आंत आंकडा रोमन अक्षराचाच. असा फॉन्ट नाहींसा झाला कीं मजकूरहि अनाकलनीय होतो. माझाच एक जुना लेख परवां मीं उघडला, तों पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा नुसता काला! एक बाइटहि हरवला नव्हता; हरवला होता तो संकेत.

पुण्याच्या पेशवे दप्तरांत रुमालांत बांधलेले मोडी कागद ज्यानें पाहिले असतील, त्यास हें दुःख नवें नाहीं. कागद शाबूत, शाई शाबूत, भाषा आपलीच. तरी मोडी न जाणणारास ते मुके. तथापि मोडी शिकविणारे आहेत, पुस्तकें आहेत. एखाद्या खाजगी फॉन्टचा संकेत मात्र त्याच्या विक्रेत्याबरोबरच लुप्त होऊं शकतो.

म्हणून नवशिक्यानें पाठ करावयाची पहिली गोष्ट शब्दांची यादी नव्हे. आपण लिहिलेलें कोणत्या संकेतांत सांठविलें जातें, हें त्यानें आधीं विचारावें. मराठी मजकूर युनिकोडांतच ठेवावा. आणि ज्यांच्या घरीं जुन्या फॉन्टांतील लेखन पडून असेल, त्यांनीं तें वाचतां येतें आहे तोंवरच उतरवून घ्यावें.