ग्राफिक्स कार्डातील बिघाडाचे निदान
डेस्कटॉप संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटींची नक्षी उमटणे, गेम चालू असताना पडदा काळा होणे, ही कार्ड निकामी होत असल्याची लक्षणे. मात्र सैल केबल, सदोष ड्रायव्हर वा अपुरा वीजपुरवठा यांमुळेही तीच दिसतात. सर्वांत बोलकी खूण बायॉसच्या पडद्यावर मिळते: तेथे विंडोजचा ड्रायव्हर सुरूच झालेला नसतो, म्हणून ठिपके तेथेही दिसले तर दोष हार्डवेअरचा. विंडोजमध्ये ठिपके दिसत असताना स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडावा. त्यातही ठिपके असतील तर ते केबल-मॉनिटरमुळे नाहीत, संशय व्हीरॅमवर, म्हणजे कार्डाच्या मेमरीवर जातो. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, त्यामुळे जादा वीजजोडणीही तपासावी. खात्री मात्र कार्ड दुसऱ्या, सुस्थितीतील संगणकात लावूनच होते. कार्ड ओव्हनमध्ये तापवण्याचा उपाय फार तर तात्पुरता, शिवाय विषारी धुराचा धोका असलेला, तो टाळावा.