नासणे आणि विरजणे



दूध नासले आणि दूध विरजले, यांतला फरक घरच्या माउलीला कोणी शिकवावा लागत नाही. दोन्हीकडे राबणारे मजूर एकाच जातीचे, म्हणजे सूक्ष्म जंतू. कोणते जंतू, किती उबेला आणि किती वेळ, एवढ्यावरच दही व्हायचे की नासाडी, हे ठरते. दूध आंबण्यामागे जिवंत जंतू असतात, हे लुई पाश्चरने 1857 साली फ्रान्समध्ये दाखवून दिले. विरजणाची विद्या मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे.

वाडे, देवळे, तटबंद्या आणि भिंतींवरील चित्रे यांच्या बाबतीत आपण आजवर नासणे तेवढे पाहिले. ओल आली, बुरशी चढली, रंग उडाला. हेच जंतू योग्य रीतीने कामाला लावले तर पडझड थांबवू शकतात, ही गोष्ट गेल्या पन्नास वर्षांतली आहे. तिचा इतिहास सांगण्यापूर्वी आपल्या शेजारी डोकावून यावे लागेल.

चोपड्याहून तापी ओलांडून जळगावमार्गे फर्दापूर गाठले की अजिंठा आलाच. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली, आणि मग त्यांचा बोलबाला झाला. तेथील चित्रे उघड्या कातळावर काढलेली नाहीत. कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ पांढरा हात आणि त्यावर रंग. कोंडा आणि तंतू माती धरून ठेवतात. पण तेच किड्यांचे आणि बुरशीचे अन्नही होतात. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, असे पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांनी 2016 साली प्रसिद्ध केले. अजिंठ्यात भांग सापडली नाही, आणि किड्यांनी केलेले नुकसानही तेथेच अधिक. ज्या गवंड्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही, त्याने चिखल मळताना भिंतीचे भवितव्य ठरविले होते.

पुढे उपचाराचा इतिहास सुरू होतो, आणि तो फारसा सुखाचा नाही. नकला करणाऱ्यांनी चित्रे उठून दिसावीत म्हणून वार्निश लावले. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने चेकोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणविले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी जागी बसविला, हे त्यांचे उपकारच. परंतु चित्रांवर चढविलेली लाख काळाने पिवळी-तपकिरी पडली आणि मूळ रंग तिच्याआड गेले. ती उतरविण्याचे जिकिरीचे काम पुढच्या पिढ्यांतील रसायनज्ञांच्या वाट्याला आले. औषधच रोग होऊन बसले!

असाच प्रकार खुद्द इटलीत घडला. पिसा शहरातील कांपोसांतो या जुन्या दफनभूमीच्या भिंतींवर मोठमोठी चित्रे होती. 27 जुलै 1944 रोजी, युद्ध चालू असता, तोफगोळ्याने छपराला आग लागली आणि छपरावरील शिसे वितळून भिंतींवर ओघळले. चित्रे वाचविण्यासाठी त्यांवर सरसाने कापड चिकटवून ती भिंतीवरून सोलून काढली. तो सरस पुढे असा घट्ट झाला की निघेना. तेव्हा रानाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरस खाणारे जंतू कापसाच्या पट्ट्यांतून स्पिनेल्लो आरेतिनोच्या एका चित्रावर ठेवले. दहाबारा तासांत बहुतेक सरस जंतूंनी फस्त केला. रंगाला ते शिवले नाहीत, कारण रंग हे त्यांचे खाद्यच नव्हे. हा वृत्तांत 2005 साली छापून आला.

मिलानच्या मोठ्या चर्चवर धुराने काळे कवच धरले होते. धुरातील गंधकामुळे संगमरवराच्या पृष्ठभागाचे जिप्सम होते आणि त्यात काजळी अडकते. गंधकाच्या क्षारांवर जगणाऱ्या जंतूंनी ते कवच उतरविले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत हे काम रसायनांपेक्षा अधिक एकसारखे ठरले. याच्या उलट, काही जंतू दगड जोडतात. त्यांच्या पचनक्रियेने भोवतालच्या पाण्यातील चुना खडीच्या रूपाने साचतो आणि भुसभुशीत दगडाची छिद्रे बुजतात. 1993 साली फ्रान्समधील थुआर येथील एका चर्चच्या दगडावर हा उपाय करण्यात आला.

मी आयुष्यभर मजुरांच्या संघटनेचे काम केले, म्हणून या शोधाकडे मी थोडा निराळ्या बाजूने पाहतो. भिंत घासताना उडणारी दगडाची पूड आणि आम्लाची वाफ कोणाच्या छातीत जाते? चित्राचे रक्षण झाले आणि रक्षण करणाऱ्याचे फुप्फुस गेले, तर तो वारसा कोणाचा? निरुपद्रवी जंतू निवडून केलेल्या कामात दगडही वाचतो आणि हातही वाचतो.

तथापि, विरजणाचा डबा घेऊन कोणीही उद्या अजिंठ्याला धावू नये. चुना साठविणारे जंतू चुनखडकाच्या कामाचे. आपला कातळ काळा बसाल्ट आणि त्यावर मातीचा गिलावा. पाणी हे तर त्या गिलाव्याचे वैरीच. पिसाची युक्ती तेथे जशीच्या तशी चालणार नाही. आधी भिंत कशाची आहे हे पाहावे, मग औषध ठरवावे. लाखेने आणि सरसाने शिकविलेला धडा हाच.

तो धडा आपल्या गावालाही लागू आहे. जुन्या वाड्याच्या भिंती घाणीत मळलेल्या चुन्याच्या. त्या चुन्यात गूळ आणि हिरडा घालीत, काही ठिकाणी ते पाणी आधी आंबवून घेत. म्हणजे जंतूंची मजुरी आपल्याकडेही होती, फक्त हजेरीपटावर तिची नोंद नव्हती. अशा भिंतीवर आज आपण सिमेंटचा गिलावा थापतो. ओल आत कोंडते, क्षार फुटतात, आणि चार पावसाळ्यांनी पापुद्रे निघतात. मग म्हणतो, भिंत जुनी झाली. भिंत जुनी होतीच. घुसमटली ती आपल्या दुरुस्तीने. चुना मळणारे जुने हात अजून असतील, तोवर त्यांच्याजवळ बसून ही विद्या टिपून घ्यावी. प्रयोगशाळेला तिचा उपयोग होईल, आणि त्या हातांना त्यांची मजुरी मिळेल.