वेगवान अश्वाचे वळण: स्वरूप, प्रकार आणि क्रिया

वळण या संज्ञेने दोन भिन्न क्रियांचा बोध होतो. पहिली मानेची: लगामाच्या ओढीने मुखाची दिशा बदलते. दुसरी मार्गाची: चारही पाय नव्या रेषेवर पडू लागतात. या विवेचनात वळण म्हणजे दुसरी क्रिया. पहिली घडली म्हणून दुसरी घडतेच असे नाही. नवशिक्या स्वाराचे बहुतेक दोष हा भेद न जाणल्याने उद्भवतात.

भेदाचे कारण शरीररचनेत आहे. अश्वाला गळपट्टीचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय केवळ स्नायूंनी छातीशी बांधलेले असतात आणि त्या स्नायूंच्या झोळीत धड टांगलेले असते. मान लवचीक, पाठीचा कणा मात्र बऱ्याच अंशी ताठ. म्हणून आतला लगाम एकटाच खेचला तर मान आत वाकते, खांदा बाहेर निसटतो आणि अश्व पूर्वीच्याच रेषेवर धावत राहतो. यावरून निष्पन्न होते की वळवायचा असतो तो खांदा.

आता परिमाण. वळताना अश्वाला आत झुकावे लागते. हा झुकाव वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. प्रमाण येथे झुकावाच्या कोनाच्या स्पर्शज्येचे समजावे. त्रिज्या 20 मीटर आणि वेग सेकंदाला 6 मीटर असता झुकाव सुमारे 10 अंश येतो. वेग दुप्पट केला तर तो सुमारे 36 अंशांवर जातो आणि भूमीकडून मिळावयाचे घर्षण चौपट लागते. ते मिळाले नाही तर टाप घसरते. हा हिशेब स्वाराच्या कौशल्याने बदलत नाही. चांद्याजवळच्या मोहर्लीच्या जंगलात किती घर्षण मिळेल ते भूमीच ठरवते: उन्हाळ्याच्या तोंडी सागाच्या सुक्या पानांचा थर, पावसाळ्यात चिकण काळी माती, मधून मधून मुरूम. अशा भूमीवर सपाट मैदानातील त्रिज्या गृहीत धरणे हा प्रमाद होय.

त्रिज्येनुसार वळणाचे तीन प्रकार होतात. (1) विस्तीर्ण वळण, जसे शर्यतीच्या मैदानावरचे. येथे झुकाव अल्प असतो. प्रश्न अंतराचा असतो. अर्धवर्तुळात एक मीटर बाहेरून धावणारा अश्व 3.14 मीटर अधिक धावतो, म्हणजे एका अश्वाच्या लांबीहून जास्त. महालक्ष्मीच्या 2400 मीटरांच्या डर्बीत जॉकी आतल्या कठड्यासाठी झगडतात ते याच कारणाने. (2) कावा, म्हणजे अश्वाला लहान वर्तुळात फिरवणे. हा शिक्षणाचा पाया. (3) पलटी, जिथे मागचे पाय जवळजवळ जागीच राहतात आणि धड त्यांच्याभोवती फिरते. भरधाव वेगात पलटी संभवत नाही. आधी वेग उतरवावा लागतो.

चांद्याची (आजच्या चंद्रपूरची) दंतकथा येथे तपासण्यासारखी आहे. राजा खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्यामागे ससा लागला, राजा घोड्यावरून त्यांच्या मागे गेला आणि त्या मार्गावर पुढे नगराचा कोट उभा राहिला, असे सांगतात. ससा ज्या जागी वळतो तिथे त्याच वेगाने घोडा वळू शकत नाही. स्वाराने वेग उतरवावा अथवा कक्षा रुंद करावी. तेव्हा कोटाची रेषा सशाची असू शकेल, राजाच्या घोड्याची असणे कठीण.

क्रियेचे टप्पे चार. पहिला, पूर्वसिद्धता, सर्वांत महत्त्वाचा. उभ्या अश्वाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि धावताना तो पुढेच ओढला जातो. वळणाच्या काही टापा आधी स्वाराने पाठ सरळ करून, मांड खोल बसवून, लगाम क्षणभर धरून लगेच सोडावा, म्हणजे मागचे पाय पोटाखाली येतात आणि खांदा हलका होतो. वळणात शिरल्यावर हे साधत नाही. तेव्हा ओढलेला लगाम तोल बिघडवतो. दुसरा, प्रवेश: दृष्टी वळणाच्या शेवटाकडे, बाहेरचा लगाम मानेला टेकलेला. आतला पाय तंगापाशी राहून बरगड्यांना आधार देतो, बाहेरचा किंचित मागे राहून पुठ्ठा बाहेर जाऊ देत नाही. तिसरा, मध्य: स्वाराचे धड अश्वाच्या धडाच्याच रेषेत झुकावे. अधिक झुकल्यास आतल्या पुढच्या पायावर भार येतो, कमी झुकल्यास स्वार बाहेर फेकला जातो. चौथा, निर्गमन, यात विशेष काही नाही: हात सैल, टाच हलकी.

अग्रपादाचा विचार उरतो. चौखूर धावताना पुढच्या दोन पायांपैकी जो दुसऱ्याच्या पुढे पडतो तो अग्रपाद. उजव्या वळणात उजवा, डाव्या वळणात डावा अग्रपाद असावा. विरुद्ध असल्यास वेगात अश्व अडखळण्याचा संभव असतो. सलग दोन विरुद्ध वळणे आली तर अग्रपाद मधल्या सरळ भागात बदलावा, आणि त्यासाठीचा संकेत अग्रपाद जमिनीवर असतानाच द्यावा, कारण बदल घडतो तो त्यानंतर लगेच, चारही पाय हवेत असण्याच्या अल्प क्षणात.