एक्स-रे नॉर्मल, तरी खुबा का दुखतो? एका निदानाचा इतिहास

औशाकडचे माझे मामा आठ महिने 'कंबर दुखते' म्हणत होते. पडले नव्हते, मार लागला नव्हता. आपल्याकडे कंबर म्हटलं की मणक्यापासून जांघेपर्यंत सगळं आलं, म्हणून आधी एक्स-रे निघाला तो मणक्याचा. मग खुब्याचा. दोन्ही नॉर्मल. 'वात आहे' म्हणत तेल-मालिश सुरू झाली. शेवटी लातूरला एमआरआय केला तेव्हा कळलं, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठाच बंद पडलाय. याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, थोडक्यात एव्हीएन. तोवर उजवा खुबा दबला होता. डावा वाचवायची खटपट चालू आहे.

आता त्या 'नॉर्मल' शब्दाकडे बघा. एक्स-रेला दिसतं ते हाडातलं कॅल्शियम. रक्त थांबलं की पेशी मरतात, पण कॅल्शियम जागेवरच असतं. महिनोन्‌महिने चित्र जसंच्या तसं.

डॉक्टरांना हे माहीत नव्हतं असं नाही. फ्रान्समधल्या तुलूज इथं फिका आणि आर्ले यांनी या आजाराच्या पायऱ्या मांडल्या. त्यातली पहिली पायरीच 'दुखतंय, पण एक्स-रे स्वच्छ' अशी आहे. पण ती सिद्ध करायची कशी? हाडाला भोक पाडून मगजातला दाब मोजायचा, औषध सोडून शिरांचं चित्र घ्यायचं, तुकडा काढून तपासायचा. नुसत्या संशयावर एवढं किती जणांचं होणार?

लॉटरबर यांचा एमआरआयचा पाया घालणारा लेख 1973 मध्ये 'नेचर'मध्ये आला. (आधी तो साभार परत आला होता, हे पेपर नाकारला गेलेल्यांनी लक्षात ठेवा!) हे यंत्र हायड्रोजनचा संकेत टिपतं. खुब्याच्या डोक्यातला मगज बहुतांशी चरबीचा, म्हणजे हायड्रोजनने भरलेला. तो मेला की संकेत बदलतो. 1980 च्या दशकात खुब्याचे एमआरआय होऊ लागले आणि 1987 मध्ये मिचेल आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या भागाच्या कडेची जोडरेघ वर्णन केली: एक काळी, तिला लागून एक पांढरी. शिवाय गरोदरपणात खुबा दुखून आपोआप बरा होणारा एक वेगळा आजार 1959 पासून नोंदलेला होता. त्यात मगजात नुसती सूज असते. दुखणं सारखंच, पण एकात वाट बघायची आणि दुसऱ्यात वाट बघणं महागात पडतं. हा फरकही एमआरआयने दिसू लागला.

2021 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून कोविडनंतरच्या एव्हीएनचे तीन रुग्ण प्रसिद्ध झाले. कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी 58 दिवसांत त्रास सुरू झाला होता. आधीच्या साहित्यात सहा महिने ते वर्ष असं होतं. स्टिरॉइडचा डोसही तुलनेने कमी होता. संशोधक म्हणून इथं थांबा. आजार खरंच लवकर आला, की यावेळी लवकर पाहिला गेला? तीन रुग्णांवर याचं उत्तर मिळत नाही, पण प्रश्न विचारावा लागतो.

हाच प्रश्न माझ्या प्रबंधात मला नडला. आपल्या किनवट-माहूर पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि सिकलसेल हे एव्हीएनचं एक ठळक कारण. तरी पहिल्या मसुद्यात मी बिनधास्त लिहिलं होतं: 'एमआरआय येण्यापूर्वी नांदेड-लातूर भागात हा आजार दुर्मिळ होता.' गेल्या आठवड्यात त्यातला 'आजार' खोडून 'निदान' केलं. आता जुन्या केसपेपरांतले 'संधिवात' आणि 'कंबरदुखी' पुन्हा पहिल्यापासून वाचतोय.