बिस्किटाने उंबरठा कसा ओलांडला

आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी बिस्किटाचा पुडा असतोच. पाहुणा आला की चहाबरोबर बशीत चार बिस्किटे ठेवावीत, मुलांच्या डब्यात दोन टाकावीत, आजारी माणसाला दुधात बुडवून द्यावीत, यात आता कोणाला काही विशेष वाटत नाही. परंतु याच चहा-बिस्किटावरून आपल्या पुण्यात एकदा मोठे रण माजले होते. ती हकीकत भगिनींना ठाऊक असावी म्हणून आधी तीच सांगते.

१८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. मिशनच्या लोकांनी आलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी मान राखण्यापुरता पेला हातात घेऊन बाजूला ठेवला. गोष्ट तिथेच संपायची. पण गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणली. हे गोपाळराव म्हणजे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचे यजमान. जिने एवढ्या हिमतीने समुद्र ओलांडला तिच्या पतीने बिस्किटावरून गाव पेटवावे, याचे मला नेहमी नवल वाटते. स्वभावच तसा, दुसरे काय!

मग सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे तक्रार केली आणि ग्रामण्य उभे राहिले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे असे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्यावरून सुधारक मंडळी त्यांच्यावर रुष्ट झाली. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० सालच्या पुस्तकात हे प्रकरण आले आहे. आपण बायकांनी ते पुस्तक अवश्य वाचावे. सभेत वाद घालणारे पुरुष होते. पण वाळीत पडलेल्या घरात मुंज निघाली, श्राद्धाचा दिवस आला, तर भटजी आणि आचारी कुठून आणायचा ही काळजी कोणाची? चहाचा घोट न घेतलेल्या घरच्या बाईचीच ना!

आता बिस्किटात एवढे भयंकर काय होते? एक तर ते परक्याच्या हातचे आणि पाण्याने भिजवलेले. तुपात तळलेले चालेल, पाण्यात शिजवलेले चालणार नाही, हा जुना हिशेब. शिवाय बेकऱ्या बहुतेक ख्रिस्ती, मुसलमान नाहीतर इराणी लोकांच्या. गोव्याकडे पावाचे पीठ माडाच्या ताडीने फुगवीत. त्यात अंड्याची शंका. पाव विहिरीत टाकून गावेच्या गावे बाटवली, अशा गोष्टी वसई-गोव्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असत. अशा वेळी भट्टीतून आलेली कोणतीही वस्तू देवाच्या खोलीपासून दूरच राहायची.

व्यापारी माणूस मात्र हुशार. दिल्लीत १८९८ साली एक कंपनी निघाली, तिचे नावच हिंदू बिस्कीट कंपनी! आमच्या मालाला वरच्या जातीच्याच माणसांचे हात लागतात, असे ती लोकांना सांगत असे. म्हणजे बिस्किटाला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती करणाऱ्या हातांना. बिस्किटाच्या गोडव्याखाली ही कडू गोष्ट दडलेली आहे, आणि ती झाकून ठेवून इतिहास लिहू नये असे मला वाटते.

पुढे हळूहळू स्वदेशीचे वारे आले. मुंबईजवळ विलेपार्ल्याला १९२९ साली पार्ले कंपनीने गोळ्या करायला सुरुवात केली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर बिस्किटे काढली. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. पण आगगाडीने पार्ले स्टेशनवरून गेलेल्या माणसाला तो भाजक्या बिस्किटांचा वास अजून आठवतो. पुण्याच्या साठे बिस्किटांच्या जाहिराती मराठी मासिकांत येत. मराठी नावाचा, यंत्रावर केलेला माल म्हटल्यावर पुष्कळ घरांची दारे उघडली. कँपातल्या कयानी बेकरीचे श्रूजबेरी तर १९५५ नंतर पुण्याची भेटवस्तूच होऊन बसले. नाव इंग्लंडातल्या गावाचे, करणारे इराणी, आणि परगावच्या नातेवाइकांसाठी ते घ्यायला रांगेत उभे सगळे पुणे!

पण माझ्या मते बिस्कीट खरे घरचे झाले ते कारखान्यामुळे नव्हे, तर गावच्या भट्टीमुळे. आमच्या लहानपणी दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप किंवा डालडा घेऊन बायका बेकरीत जात. भट्टीवाला मजुरी घेऊन नानकटाई भाजून देई. घरून पत्र्याचा मोठा डबा न्यायचा, नंबर लावायचा आणि दोन-तीन तास तिथेच बसायचे. सामान आपले, तूप आपले, डोळ्यांसमोर मळलेले, मग बाटण्याची भीती कसली? आमच्या आजेसासूबाई विकतच्या बिस्किटाला शिवत नसत, पण भट्टीवरच्या डब्याला त्यांची ना नव्हती. भट्टीवाला कोणत्या जातीचा, हे त्यांनी कधी विचारले नाही. विचारायचे नाही, हेही एक शहाणपणच होते. नानकटाईचे मूळ सुरतेच्या डच लोकांच्या भट्टीत आहे असे सांगतात. म्हणजे तीही परदेशीच. परंतु तूप आणि वेलदोडा घालून आपण तिला माहेरवाशीण करून टाकली.

चॉकलेटची गोष्ट निराळी. आपल्या मराठीत कोणत्याही गोळीला चॉकलेट म्हणतात. मालेगावजवळच्या रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना काढला. तिथे १९४२ पासून गोळ्या होऊ लागल्या. त्या चघळत आपण ‘चॉकलेट खाल्ले’ म्हणत असू, मग त्यात कोको असो वा नसो. खरे चॉकलेट कोकोच्या बियांचे. मेक्सिकोकडचे लोक ते कडू पेय म्हणून पीत. १८२८ साली हॉलंडात व्हॅन हौटेन यांनी बियांतले लोणी दाबून काढण्याचे यंत्र आणले, १८४७ साली इंग्लंडात फ्राय कंपनीने खायची वडी केली आणि १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडात डॅनियल पीटर यांनी तीत दूध मिसळले. कॅडबरी कंपनी भारतात आली १९४८ साली, आणि पुढे केरळात नारळी-पोफळीच्या सावलीत कोकोची झाडे लागली.

कोकोचे लोणी महाग. म्हणून पुष्कळ बिस्किटांवर जो तपकिरी थर असतो, त्यात कोकोची पूड असते आणि लोण्याच्या जागी स्वस्त वनस्पती तेल घट्ट करून घातलेले असते. जिभेवर खरे चॉकलेट विरघळते, हे मेणासारखे टाळूला चिकटते.

यंदा आमच्या गटातल्या आठजणींनी मोठ्या दुकानातून पाच नवे पुडे आणले आणि दुपारी चहाबरोबर खाऊन पाहिले. आत पातळ चॉकलेट भरलेले एक, वरून बुडवलेली दोन, क्रीमचे एक आणि चॉकलेटचे खडे घातलेले एक. पातळ चॉकलेटचे पहिले बिस्कीट सर्वांना आवडले, दुसऱ्याला तोंड गोडमिट्ट झाले, तिसरे कोणी उचलले नाही. खड्यांचे चांगले कुरकुरीत होते. बुडवलेल्या दोहोंपैकी एकावर कोको शंभरात तीन भाग लिहिलेला होता, आणि पुड्यावरचे चित्र पाहावे तर चॉकलेटची नदी वाहते आहे!

पूर्वी वाण्याला यादी द्यायची आणि तो देईल ते घ्यायचे. १९६८ साली नायगावला अपना बाजारचे मोठे भांडार निघाले आणि पुढे ठिकठिकाणी अशी दुकाने झाली, तेव्हापासून बाईला वस्तू हातात घेऊन, उलटून, वाचून निवडता येऊ लागली. पंचहौदाच्या वेळी घरात काय यावे हे ग्रामण्य ठरवीत असे. आता ते आपण ठरवतो, पण वाचता आले तर. पुड्यावर जो पदार्थ सर्वांत जास्त तो यादीत पहिला लिहावा लागतो. आम्ही पाहिले तर साखर आणि मैदा सगळीकडे पुढे, कोको बराच खाली. हिरवा ठिपका सर्वांना कळतो. बाकीची अक्षरे बारीक, आणि कायद्याने इंग्रजी किंवा हिंदी असली की पुरे. मराठीची सक्ती नाही.

म्हणून आम्ही असे केले आहे. दर महिन्याच्या हळदीकुंकवाला किंवा बैठकीला जिला जमेल तिने रिकामा पुडा धुऊन-पुसून आणायचा आणि शाळेत जाणाऱ्या मुलीने त्यावरची यादी मराठीत मोठ्याने वाचून दाखवायची. मागच्या वेळी सात पुडे आले होते.