एस्पेरांतो भाषेंतील उपसर्ग आणि प्रत्यय

एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचा जनक लुडविक झामेनहॉफ याचा जन्म १८५९ सालीं बियालिस्तोक या गांवीं झाला. हें गांव आज पोलंडमध्यें आहे. त्या वेळीं तें रशियन साम्राज्यांत मोडत असे. रशियन, पोलिश, जर्मन व यिद्दिश बोलणारे लोक तेथें शेजारीं राहत, परंतु एकमेकांविषयीं त्यांच्या मनांत अढी असे. एका ज्यू शिक्षकाच्या घरीं वाढलेल्या या मुलाच्या मनानें लहानपणींच घेतलें कीं, कोणाच्याहि मालकीची नसलेली, सर्वांना सारखीच परकी व सारखीच सोपी अशी एक भाषा असेल, तर ही अढी कांहीं अंशीं तरी दूर होईल.

व्याकरण सोपें करणें त्याला फारसें जड गेलें नाहीं. शाळेंत इंग्रजी शिकतांना त्याच्या ध्यानांत आलें कीं, विभक्ति व क्रियारूपें यांचें अवडंबर नसलें तरी भाषेचें कांहीं अडत नाहीं. खरी धास्ती होती ती शब्दकोशाची. हजारों शब्द पाठ करावयाचे तर ही भाषा सवड असलेल्या श्रीमंतांचीच व्हावयाची! हें कोडें कसें सुटलें, तें त्यानें पुढें निकोलाय बोरोव्को या मित्रास लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे. वॉर्साच्या विद्यालयांत सहाव्या-सातव्या इयत्तेंत असतांना, अनेकदां पाहिलेल्या एका पाटीकडे त्याचें सहज लक्ष गेलें. तीवर 'श्वेयत्सार्स्काया' म्हणजे द्वारपालाची खोली असें लिहिलेलें होतें. मग दुसरी पाटी दिसली, 'कोन्दितेर्स्काया' म्हणजे मिठाईचें दुकान. दोन्ही शब्दांचें शेपूट एकच! एका शब्दापासून ठराविक प्रत्ययानें दुसरा शब्द करतां येत असेल, तर तो निराळा पाठ कशाला करावयाचा? त्या दिवसापासून तो आपल्या कोशांतील शब्दांचे परस्परसंबंध शोधूं लागला, आणि एकेका प्रत्ययासरशी शब्दांच्या रांगाच्या रांगा कोशांतून वगळूं लागला.

१८८७ च्या जुलै महिन्यांत वॉर्सा येथें त्याचें पहिलें पुस्तक निघालें. त्यांत नियम सोळा आणि मूळ शब्द सुमारें नऊशें. पुस्तकावर ग्रंथकर्त्याचें नांव होतें 'डॉक्टर एस्पेरांतो'. हें टोपणनांव हाच प्रत्ययांचा पहिला धडा होय. 'एस्पेर' म्हणजे आशा करणें, 'आंत' हा चालू क्रियेचा कर्ता दाखविणारा प्रत्यय, आणि 'ओ' ही नामाची खूण. मिळून 'आशा करणारा'. पुढें हेंच नांव भाषेला चिकटलें.

'माल' हा उपसर्ग लावला कीं अर्थ उलटतो. 'बोना' चांगला, 'मालबोना' वाईट. 'इन' स्त्रीत्व दाखवितो: 'पात्रो' पिता, 'पात्रीनो' माता. 'एय' स्थळ दाखवितो: 'लेर्नी' शिकणें, 'लेर्नेयो' शाळा. 'इल' साधन दाखवितो: 'त्रांची' कापणें, 'त्रांचीलो' सुरी. 'आर' समूह दाखवितो: 'आर्बो' झाड, 'आर्बारो' वन. 'साना' म्हणजे निरोगी एवढें ठाऊक असलें, कीं 'मालसाना' आजारी, 'मालसानुलो' आजारी मनुष्य, आणि 'मालसानुलेयो' रुग्णालय, हे शब्द विद्यार्थी स्वतःच घडवूं शकतो. एवढेंच नव्हे, तर हे प्रत्यय सुटेहि उभे राहतात: 'एयो' म्हणजे ठिकाण, 'ईलो' म्हणजे साधन.

मराठी वाचकाला उपसर्ग-प्रत्यय नवे नाहींत. परंतु 'हार' शब्दापुढें आ, वि, सम्, प्र लागून होणारे आहार, विहार, संहार व प्रहार यांचे अर्थ केवळ उपसर्गांवरून कोणाला सांगतां येतील? 'अमूल्य' म्हणजे मूल्य नसलेलें नव्हे, हें मुलाला वेगळें शिकवावें लागतें. अशी आडवळणें टाळणें हेंच झामेनहॉफचें ध्येय होतें. तें सर्वस्वी साधलें असें मात्र म्हणतां येत नाहीं. 'एल' बाहेर व 'दोनी' देणें यांपासून झालेल्या 'एल्दोनी' शब्दाचा अर्थ 'प्रकाशित करणें' असा रूढ आहे. तो तर्कानें कळत नाहीं, शिकावाच लागतो.

नवशिक्या विद्यार्थ्यास याहून मोठी अडचण निराळीच येते. 'कोंबी' म्हणजे विंचरणें, म्हणून फणीला 'कोंबीलो'. परंतु 'ब्रोसो' म्हणजे मुळांतच ब्रश, आणि 'ब्रोसी' म्हणजे ब्रशनें साफ करणें. तेथें 'इल' लावणें व्यर्थ. एका मुळांत वस्तु दडलेली, तर दुसऱ्यांत क्रिया. फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ लुई कूत्युरा यानें १९०७ सालीं नेमक्या याच शब्दसाधनेवर टीका केली, आणि तिच्या पाठोपाठ 'इदो' ही सुधारलेली प्रतिस्पर्धी भाषा पुढें आली. कांहीं नामांकित अनुयायी फुटून तिकडे गेले. सुप्रसिद्ध भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर याचा धाकटा भाऊ रने हा मात्र एस्पेरांतोच्या बाजूनें उभा राहिला. शब्दांत अर्थाला आवश्यक तेवढे घटक असावेत, अधिक नसावेत, असें सूत्र त्यानें मांडलें. प्रत्येक मुळाला स्वतःची जात असते, हें तत्त्व एस्पेरांतोच्या अकादमीनें १९६७ सालीं मान्य केलें. 'माता' हा शब्द 'पिता' शब्दापासून कां साधावा, हा आक्षेप मात्र अद्याप मिटलेला नाहीं.

झामेनहॉफ १९१७ सालीं वारला. त्याची धाकटी कन्या लिदिया हिनें भाषा शिकविण्याचें व्रत घेतलें. आंद्रेओ चेह या पाद्र्यानें बसविलेल्या संभाषणपद्धतीनें तिनें युरोपांत व अमेरिकेंत अनेक वर्ग चालविले. १९३८ सालीं ती पोलंडला परतली, आणि १९४२ सालीं नात्सींनीं तिला व तिची बहीण सोफिया हिला त्रेब्लिंका येथें ठार केलें. भाऊ आदाम याला त्यापूर्वीं, १९४० सालींच, गोळ्या घालण्यांत आल्या होत्या.

भाषाभेदामुळें पडणारी तेढ मिटावी म्हणून ज्यानें पाट्यांवरील प्रत्यय न्याहाळले, त्याच्या तिन्ही मुलांची ही गत झाली. एका भाषेनें द्वेष मिटत नाहीं, हें यावरून उघड आहे. तरीहि देशोदेशींचे विद्यार्थी आज ही भाषा शिकूं लागतात, तेव्हां प्रारंभींच्या धड्यांतच 'माल' त्यांना भेटतो, आणि 'अमीको' म्हणजे मित्र हा शब्द ठाऊक असला कीं 'मालअमीको' म्हणजे शत्रु हें त्यांना न सांगतां कळतें. त्या भाषेंत शत्रूसाठीं स्वतंत्र मूळ शब्द झामेनहॉफनें ठेवलाच नाहीं. मित्र हा शब्द आधीं शिकल्यावांचून विद्यार्थ्याला शत्रूचें नांव घेतां येत नाहीं.