भुलेची खोली आणि मेंदूच्या लहरी

शस्त्रक्रियेच्या मेजावर निजलेला माणूस खरोखरच बेशुद्ध आहे काय, हा प्रश्न वरवर पोरकट वाटेल; परंतु भूलशास्त्राचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टनने ईथर हुंगवून रोग्यास निजविले आणि वॉरनने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले. वेदनेवर उपाय सापडला. माप मात्र सापडले नाही. भूल कमी पडली तर रोगी जागा होई, अधिक झाली तर दगावे. मग लक्ष ठेवावे कशावर, नाडीवर की श्वासावर? या वादाच्या निर्णयासाठी निजामाच्या हैदराबादेत १८८८ व १८८९ साली दोन कमिशने बसली. श्वासाकडे पाहा, असा त्यांचा कौल पडला. पुढे तो अपुरा ठरला, कारण क्लोरोफॉर्म हृदयही एकाएकी बंद पाडू शकतो. १९२० साली ग्वेडेलने श्वास, डोळे आणि स्नायू यांच्या खुणांवरून भुलेच्या पायऱ्या आखून दिल्या.

मात्र १९४२ साली माँट्रियल येथे ग्रिफिथ व जॉन्सन यांनी क्युरारे हे बाणांना लावावयाचे विष स्नायू सैल करण्यासाठी वापरले. थोडक्या भुलेत काम भागू लागले, हा मोठाच लाभ. पण जुन्या खुणा पुसल्या गेल्या. आता रोगी जागा असला तरी बोटही हलवू शकेना! अशा अवस्थेत सारे ऐकलेली, क्वचित वेदनाही भोगलेली माणसे पुढे ते सांगू लागली.

तेव्हा दृष्टी मेंदूकडे वळली. येना येथे हान्स बर्गरने १९२४ साली मानवी मेंदूच्या विद्युल्लहरी टिपून १९२९ साली प्रसिद्ध केल्या होत्या. १९३७ साली गिब्ज दांपत्य व लेनॉक्स यांनी भूल मोजण्यास त्यांचा उपयोग सुचविला. १९५० साली मेयो क्लिनिकमध्ये बिकफर्डने तर लहरींच्याच हुकमाने औषध सोडणारे यंत्र रचले. १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘बिस’ यंत्राने त्या लहरींचा एक आकडा केला: शंभर म्हणजे पूर्ण जाग, चाळीस ते साठ म्हणजे शस्त्रक्रियेस योग्य भूल.

प्रश्न सुटला काय? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, अडीच हजारांच्या आसपास रोग्यांवरील चाचणीत जागे राहिल्याच्या घटना यंत्राविना अकरा, तर यंत्रासह दोनच आढळल्या. मात्र २००८ व २०११ सालच्या चाचण्यांत, श्वासातील औषधाचे प्रमाण मोजण्याहून हे यंत्र सरस ठरले नाही. आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, भूल न देता केवळ स्नायू सैल केलेल्या जाग्या माणसांचाही आकडा खाली घसरला! कपाळाच्या स्नायूंची चळवळही त्या आकड्यात मिसळलेली असते.

म्हणून आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. नाडी, श्वास, औषधाचे प्रमाण आणि लहरी या साऱ्यांची साक्ष काढून निवाडा करावयाचा तो उशाशी बसलेल्या भूलतज्ज्ञाने. रोगी निजला, तरी त्याच्यासाठी कोणीतरी जागे राहिलेच पाहिजे.